बटणामागचा नंबर

३ एप्रिल, गुरुवार
नऊशे बारा! 'रोजचा तुकडा' ग्रुपवर आज नऊशे बारा माणसं! सुरू केला तेव्हा अकरा होती, त्यातली चार घरचीच. मराठीतून वेबसाईट करायला शिकवायची, रोज कोडचा एक तुकडा द्यायचा — कोण वाचणार म्हणाले होते. वाचतायत की!

सगळ्यात गाजलेला तुकडा अजून फेब्रुवारीतलाच. साईटवर एक बटण, गिऱ्हाईकाने दाबलं की दुकानदाराला थेट व्हॉट्सॲप मेसेज. वर मी लिहिलं होतं, 'डोकं लावू नका. कॉपी करा, पेस्ट करा, मोकळे व्हा.' लोकांना असंच लागतं.

५ एप्रिल
पुन्हा तेच! 'ताई, नागलीचे पापड आहेत का? दोन किलो हवेत.' आठवड्यातला चौथा. हे धम्मपालचंच काम. अंबडच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो आणि दिवसभर उचापती. मागे कुठल्याशा परदेशी कंपनीच्या नावाने मला नोकरी दिली होती मेल्याने, आणि मी आईला सांगूनही मोकळी झाले होते! आता एवढे नंबर कुठून आणतो कोण जाणे. उत्तर दिलं, 'इथे कोड मिळतो, पापड नाही.' आणि ब्लॉक.

८ एप्रिल
ग्रुपवर वेदिकाचा प्रश्न. पेठ तालुक्यातल्या गावची, बी.कॉम.ला आहे, दर रविवारी एस.टी.ने नाशिकला कॉम्प्युटर क्लासला येते. माझेच तुकडे जोडून आजीच्या घरगुती मालाची साईट केली म्हणे. 'निकिताताई, महिना झाला, एक ऑर्डर नाही. आजी म्हणते हनुमान जयंतीपर्यंत बघीन, मग क्लास बंद.'

मी लगेच — 'बटण दिसत नसेल गं. मोठं कर. केशरी कर.' तीस अंगठे आले! शिकवणं आपल्याला जमतं, खरंच.

९ एप्रिल
आज एका दिवसात पाच पापडवाले. धम्मपालशी बोलणं बंद.

१४ एप्रिल
भीमजयंती. सकाळी विहारात वंदना, दुपारपर्यंत मिरवणूक. पायांचे तुकडे पडले, पण काय मजा!

घरी येऊन फोन बघितला. वेदिका — 'ताई, ग्रुप सोडते. कालपासून क्लास बंद झाला. तुम्ही खूप शिकवलंत.' निदान तिची साईट तरी बघावी म्हणून उघडली. वर नाव — कुसाबाईंचे नागली पापड. खाली भलंमोठं केशरी बटण. दाबलं. माझाच नंबर आला.

नमुना म्हणून मी स्वतःचा नंबर टाकला होता. 'इथे तुमचा घाला' लिहायचं राहिलंच! पोरीने सांगितलं तस्सं केलं — कॉपी, पेस्ट. बावीस गिऱ्हाइकं तिच्या आजीची, आणि मी एकेकाला हाकललं. वर केशरी कर म्हणून शहाणपण!

१५ एप्रिल
बसमध्ये मनात आलं, आधी हजार होऊ देत, मग सांगू. स्वतःचीच लाज वाटली. उतरायच्या आत ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. हसले लोक. आठ जण सोडून गेले. आणि बत्तीस जणांचे मेसेज — 'आमच्याही साईटवर तुमचाच नंबर!' यात एक ब्युटी पार्लर आणि एक मंडपवाला; अजून गिऱ्हाईकच फिरकलं नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही.

धम्मपालची माफी मागितली. म्हणाला, 'नुसती माफी? मिसळ सांग.' सांगितली.

मग वेदिकाकडून नंबर घेऊन तिच्या आजीला, कुसाबाईंना फोन. खाल्ली बोलणी! 'तू कोण गं माझी गिऱ्हाइकं हाकलणारी? पोरगी दोन दिस जेवली नाय!' सगळं ऐकून घेतलं. मग एकेक ऑर्डर वाचून दाखवली. सातव्यापाशी म्हणाल्या, 'एकूण किती?' आकडा सांगितला. 'बावीस? लय झाली गं माय!' रविवारी पोरीला पाठवते म्हणाल्या.

२० एप्रिल, रविवार
वेदिका आली! क्लास सुटल्यावर गंगापूर रोडला भेटलो. एवढीशी आहे, पण काय डोकं! तिने बटणाचा तुकडा नव्याने लिहून आणला होता. स्वतःचा नंबर घातला नाही तर बटण चालतच नाही, लाल अक्षरात ओरडतं. हे मला का सुचलं नाही? ग्रुपवर तिच्या नावानेच टाकला. मी फुगले होते आईसारखी.

२६ एप्रिल
कुसाबाईंचा फोन. 'साठ किलोच्या वर ऑर्डरी झाल्या बाई. लाटायला हात नायत. पोरीचा क्लास बंद.'

मी बोलून गेले, 'तिच्या जागी मी येते.'

'तुला येतं लाटाया?'

'नाही.'

२७ एप्रिल, रविवार
पहाटेची पेठ गाडी. माझे पहिले सात पापड कुसाबाईंनी मोडून त्यांचा पुन्हा गोळा केला. आठवा वाळत घातला. वेदिका क्लासला गेली.