दोन किल्ल्या आणि हायकोर्ट

२ सप्टेंबर २०२४, सकाळी ७.४०

आजपासून नवी रोजनिशी. जुनी मी पदावनतीच्या दिवशी रागानं फाडली. त्यात पुरावे होते हे नंतर लक्षात आलं. हरकत नाही, पुरावे डोक्यात आहेत.

हकीगत थोडक्यात लिहून ठेवतो. मी भिमाजी दरेकर, शिरूर शाखेचा शाखाधिकारी, सलग अकरा वर्षं. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. नियमानं एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय खोली उघडत नाही. आमचा हेड कॅशियर नौशाद अत्तार कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधणारा माणूस. म्हणून दोन्ही किल्ल्या मीच सांभाळायचो. गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या यात्रेत बैलगाडा घाटावर माझा सत्कार होता. गेलो. किल्ल्या खिशातच राहिल्या. हलगी आणि लाऊडस्पीकरमुळे फोन ऐकू आला नाही. शाखेत दुपारी दोनपर्यंत रोकड मिळाली नाही. बाजारचा दिवस होता, एवढंच.

एवढ्यावरून खातेनिहाय चौकशी. मला कनिष्ठ अधिकारी केलं आणि दौंड तालुक्यात खुटबावला टाकलं. शिरूरहून न्हावरा-केडगाव रस्त्यानं मोटारसायकलवर दीड तास.

संकल्प: हायकोर्ट. येत्या ३० जूनला रिटायरमेंट आहे, त्याच्या आत खुर्ची परत. रिटायर होईन तो शाखाधिकारी म्हणूनच.

४ सप्टेंबर

हायकोर्टात ज्याखाली दाद मागतात ते राज्यघटनेचं कलम २२६ रोज पाचला उठून वाचायचं ठरवलंय. आज सव्वासातला उठलो. कलमातलं पहिलं वाक्य फार लांब आहे. उरलेलं उद्या.

८ सप्टेंबर, रविवार

कासुर्डीचा ज्ञानेश वकील हायकोर्टात प्रॅक्टिस करतो, रविवारी गावाकडे असतो. नात्यात आहे, मला मामा म्हणतो. त्याच्या ओसरीवर दोन तास बसलो. त्याचं म्हणणं, कोर्ट पुरावे नव्यानं तपासत नाही. चौकशी नियमानं झाली का आणि शिक्षा फार जास्त झाली का, एवढंच बघतं. म्हणजे कोर्टाला बघायचं फार थोडं आहे, केस सोपी आहे.

चौकशीत बचावाला प्रतिनिधी घेतला होता का, असं त्यानं विचारलं. मी ठणकावून सांगितलं की नाही घेतला. माझ्याइतके नियम बँकेत कोणाला येतात? त्यानं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. प्रभावित झाला असावा.

चौकशीला दिलेला माझा चौदा पानी खुलासा त्याला वाचायला दिला. तिसऱ्या पानावरच थांबला. म्हणाला, "मामा, ही चौदा पानं आपल्या हातानं लावायची न्हाईत. ह्यात तुम्हीच कबूल केलंय."

कबुली आणि खुलासा यातला फरक वकिलाला कळू नये याचं वाईट वाटलं. तो खुलासा म्हणजे केसचा आत्मा आहे. हट्ट धरला. शेवटी एक्झिबिट म्हणून लावायचं कबूल केलं त्यानं.

१८ नोव्हेंबर

पिटिशन दाखल. नंबर पडला. नंबराच्या अंकांची बेरीज नऊ येते, शुभ आहे.

खुटबावच्या शाखाधिकारी बुशरा इनामदार. वय एकतीस. सात वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकायला होत्या, अजूनही सर म्हणतात. शिव्या दिल्या असत्या तर तोंड तरी देता आलं असतं. आज म्हणाल्या की सर, पासबुक प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, जरा बघता का. मी सांगितलं, कोर्टाच्या निर्णयाला अधीन राहून बघतो. कागद निघाला. इनुस शिपायानं चहा आणला, तोही मी निषेध नोंदवून घेतला.

१४ जानेवारी २०२५

बँकेनं उत्तर द्यायला मुदत मागितली. घाबरलेत. बायकोला, अनिताला, तसं सांगितलं. ती म्हणाली तीळ कमी पडलेत, येताना घेऊन या.

२० फेब्रुवारी

दौंडहून पहाटेची गाडी धरून मुंबई गाठली. आमचा नंबर सत्त्याऐंशी. कोर्ट बावन्नवर उठलं. इतका महत्त्वाचा विषय घाईत उरकायचा नाही, असं न्यायमूर्तींनी ठरवलेलं दिसतं. परतीच्या गाडीत कलम २२६ उघडलं. एक काका शेजारी होते, त्यांना समजावून सांगितलं. त्यांना झोप लागली.

१५ एप्रिल

शिरूर एसटी स्टँडवर नौशाद अत्तार भेटला. सलाम केला, तब्येत विचारली. मी बसच्या पाटीकडे बघत राहिलो. चौकशीत ज्यानं माझ्याविरुद्ध जबाब दिला त्याच्याशी निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. अनिता मात्र त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल दहा मिनिटं बोलत उभी राहिली.

घरी आल्यावर तिला म्हणालो की तो प्रतिपक्ष आहे. तर म्हणते, "त्यानं काय वाईट केलं? इचारलं तवा खरं सांगितलं. तुम्ही बी तेच चौदा पानं भरून लिव्हलंय."

घरातून पाठिंबा नसला तरी लढाई थांबत नाही. खुर्ची परत मिळाली की नौशादला केबिनमध्ये बोलवायचं आणि मोठ्या मनानं माफ करायचं. तारीख ठरवून ठेवावी.

२ जून

रिटायरमेंटच्या कार्यक्रमाच्या तीनशे पत्रिका छापून आल्या. सोनेरी अक्षरात 'शाखाधिकारी या पदावरून सेवानिवृत्त'. प्रेसवाल्यानं आधी माजी लिहू का म्हणून विचारलं होतं, त्याला झापलं. मंगल कार्यालय ठरवलं. अनिता म्हणाली निकाल तर येऊ द्या. तिला सांगितलं, निकालासाठी थांबलो तर पत्रिका वाटायच्या कधी?

भाषण बारा पानी झालंय. नवव्या पानावर बँकेलाही माफ करतो.

१० जून, संध्याकाळी, गाडीत

आज सुनावणी झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नंबर लागला. ज्ञानेशनं सुरुवात बरी केली. मग बँकेच्या वकीलबाईंनी माझा खुलासा उघडला आणि तिसरं पान वाचलं: 'गेली अकरा वर्षे दोन्ही किल्ल्या मी स्वतःजवळच बाळगत आलो आहे. आजवर एकदाही हरवल्या नाहीत.' त्यांचा आवाज चांगला होता. न्यायमूर्तींनी विचारलं, म्हणजे एक दिवस नाही, अकरा वर्षं? मी मागच्या बाकावरून होकारार्थी मान हलवली. ज्ञानेशनं वळून माझ्याकडे पाहिलं.

मग तो म्हणाला की शिक्षा फार कडक आहे. न्यायमूर्तींनी बँकेला विचारलं, यांना नोकरीतून का नाही काढलं? वकीलबाई म्हणाल्या, आधीची सेवा बघून सौम्य शिक्षा दिली. ज्ञानेश लगेच खाली बसला.

पिटिशन फेटाळलं. चार मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मी सुप्रीम कोर्टाचा विषय काढला. ज्ञानेश माझा हात धरून म्हणाला, "मामा, पेन्शन वाचली. आता गप घरी जावा."

तरी एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. बँकेचा कोर्टखर्च माझ्यावर बसवला नाही. हा अर्धा विजय धरायला हरकत नाही. दिल्लीच्या गाड्यांचं वेळापत्रक बघतो.

१४ जून

वेळापत्रक पाहिलं. तिकिटं नाहीत. अनितानं मंगल कार्यालयवाल्याला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. मला विचारलं नाही. मी ओरडायला गेलो, तर ती पत्रिकांचा गठ्ठा पिशवीत भरत होती आणि तिचे डोळे लाल होते. मग ओरडलो नाही.

२७ जून

हे लिहायचं नव्हतं.

मुख्य कार्यालयाचं सर्क्युलर आलं. विषय: स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचा संयुक्त ताबा, उच्च न्यायालयाचा निकाल. सर्व शाखांना. पद्धत अशी की शाखा उघडण्याआधी सर्क्युलर मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि खाली सगळ्यांनी 'वाचले, समजले' लिहून सही करायची. वाचायचं काम कनिष्ठ अधिकाऱ्याचं.

बुशरा मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, सर, आज मी वाचते. मी म्हणालो काम माझं आहे. खणखणीत आवाजात सुरुवात केली. नाव नव्हतं, 'शिरूर शाखेचे तत्कालीन शाखाधिकारी' असं होतं. मला बरं वाटलं, शाखाधिकारी तरी म्हटलंय.

चौथ्या परिच्छेदात होतं की त्या दिवशी रोकड न मिळाल्यानं चिडलेल्या लोकांनी हेड कॅशियरला काउंटरबाहेर ओढलं, शर्ट फाडला, दोन थोबाडीत मारल्या. किल्ली आपल्याकडे नाही असं तो सांगत राहिला, कोणी ऐकलं नाही. जबाबात त्यानं शाखाधिकाऱ्यांबद्दल कोणतीही तक्रार केली नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली.

हे मी चौकशीच्या कागदात दोनदा वाचलं होतं. मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. सत्काराचा फेटा त्याच वेळी बांधत होते मला. त्या ओळीवर बोट ठेवून थांबलो. लाज वाटली, नौशादसमोर उभा असल्यासारखी. इनुसनं पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाला, "बसा सायेब. ऱ्हाऊ द्या."

बसलो नाही. उरलेलं वाचून संपवलं.

मग सह्या. पहिली मॅडमची, दुसरी माझी. 'वाचले, समजले' लिहिलं, सही केली. पुढे हुद्द्याचा रकाना होता. पेन तसंच धरून उभा राहिलो. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की तो मोकळा सोडला तर सर्क्युलर परत येतं, सर.

लिहिलं. कनिष्ठ अधिकारी.