घरघर कुणाच्या रानातून?

५ डिसेंबर
सांजच्या बातम्या आजबी गेल्या. रेडिओत नुसती घर्रर्र. सेल नवे, आतलं सगळं तपासलं. एस.टी. डेपोत अठ्ठावीस वर्षं वायरिंग केलं, मला काय कळत न्हाई? हे शिवराजचंच काम. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, बांध कोरणारा माणूस तो.
रानडुकरांसाठी आमच्या महादूनं हरभऱ्याच्या कुंपणाला झटका मशीन लावलंय, नुसता चटका देणारं, जीव न घेणारं. पोराला विचारलं, त्याचा तर आवाज न्हाई ना? "मशीन टकटक करतंय अप्पा, घरघर न्हाई." ते बी बरोबरच.

७ डिसें.
मुखेडच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली. जुन्या खिडकीच्या चौकटीवर चौदा वेढे देऊन एरियल केलं, भंगार रेडिओचा गँग, स्टेशन लावायचा पार्ट, जोडला. रेडिओ शेजारी ठेवला अन् काय सांगू! कधी न लागलेली स्टेशनं लागली, तेलुगू, कानडी. सौ. म्हणाली, "आता मराठी सोडून सगळं ऐका."
सांजेला घरघर बी दुप्पट.

८ डिसें.
चौकट फिरवून बघितली. कड उगवतीला केली की घरघर वाढते, आडवी केली की गायब. आखाड्याच्या, आमच्या रानातल्या घराच्या, उगवतीला रान कुणाचं? शिवराजचं! तडक गेलो.
"काय लावलास रे रानात?"
"दादा, मोटार जळून महिना झाला. रानात लाईट कुठाय?"
हसत होता. त्याचं हसणंच मला पटत न्हाई. त्याची आई, काकू, ओसरीवर भाजी निवडत होती. ऐंशीची बाई. "तुझ्याच हरभऱ्याचा पाला हाय बघ. रोज सकाळी तारंतून हात घालून खुडते. चालतंय न्हवं?"
चालतंय म्हणलो.

१० डिसें.
लातूरला गेलो, चांगला गँग बघायला. दुरुस्तीच्या दुकानात फळीवर आपलं झटका मशीन! चिठ्ठीवर महादूचं नाव. दुकानदार म्हणाला, "पार्ट यायचाय. पंधरा दिवस झाले."
येताना एस.टी.त एकच डोक्यात. मग टकटक कोण करतंय?

११ डिसें.
दिवस उगवताना रेडिओ लावला, तर घरघर चालूच. सकाळी कधी नसते. चौकट घेऊन घरापासून बाजूला हौदावर गेलो, तिथून धरली. कड सरळ आपल्या हरभऱ्यात. चौकटीला पुढचं-मागचं कळत न्हाई, ती नुसती रेघ दाखवते. घरून तीच रेघ उगवतीलाबी जात होती, मावळतीलाबी. मावळतीला आपलं रान. तिकडं मी बघितलंच न्हाई.
तारेत थेट लाईट. माझ्या पोरानं सोडलेली.
तेवढ्यात बांधावरून काकू, पदराचा ओचा करून. "काकू, थांब! हात लावू नको!" ओरडलो, घसा फाटेस्तोवर. थांबली. तार हातभर राहिली होती. "मूठभर पाल्यासाठी एवढं ओरडतोस व्हय?" म्हणाली अन् फणफणत माघारी गेली. मी तिथंच खाली बसलो. मग उठून आधी लाईट बंद केली.
महादू म्हणतो, "रोज पाचला बंद करतो. आज डोळा लागला." लई बोललो त्याला. आईच्या गळ्याची शपथ घेतली त्यानं, परत लावणार न्हाई.

१२ डिसें.
सांज. रेडिओ लावला. घर्रर्र.
सौ.ला कसं सांगू, तिच्या गळ्याची शपथ एक दिवस बी टिकली न्हाई. काल पोराची शपथ ऐकून तिथंच थांबलो असतो तर बरं. पण या चौकटीपुढं आता कुणाला खोटं बोलता येत न्हाई.
लाईटच्या पेटीतला फ्यूज काढून आणला. बातम्या स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तशा. फ्यूज खिशात हाय. महादू हात पुढं करून दारात उभा.
"अप्पा, फ्यूज द्या. एका रातीत डुकरं समदं उकरतील."
मी लिहीत बसलोय, वर बघत न्हाई. शिवराजला सांगावं तर पोरगं आत जाईल. न सांगावं तर काकू. तिचा राग चार दिवसांचा, मग परत पाला खुडायला येईल.
महादू निघून गेला. पेटीकडं. फ्यूज नसला तर तारेचा तुकडा घालून चालतं, हे त्याला मीच शिकवलंय.
रेडिओ चालूच ठेवलाय.