कचेरीत मारलेली हाक

आये, सोलापूरच्या मामलेदार कचेरीची पायरी तू आयुष्यात एकदाच चढलीस, आणि तुझ्या त्या एका दिवसावर मी पुढं कितीतरी वर्षं भाषणं केली. तू जाऊनही आता फार काळ लोटला. माझा आवाज बसला, सभा सुटल्या, टाळ्या वाजवणारे बरेचसे गेले. ऐकणारी म्हणून आता तूच तेवढी उरली आहेस.

इंग्रजांचा अंमल होता तेव्हा. मी सोलापुरात मास्तरणीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते आणि होटगीकडच्या आपल्या गावाहून निरोप आला की बा तापानं गेला. मी पोचले तोवर दहावा उरकला होता आणि रानही गेलं होतं. चुलत्यानं तलाठ्याकडं वर्दी दिली होती की भावाला मुलगा नाही, आम्ही दोघं एकत्रच होतो, तेव्हा ओढ्याकाठच्या रानाला माझं नाव लावा. भाऊ वेगळे झालेले असतील तर रान विधवेकडं, एकत्र असतील तर भावाकडं आणि विधवेला पोटापुरती भाकरी, असा तेव्हाचा कायदा. तलाठी रीतसर दारात येऊन विचारून गेला, "बाई, वाटणी झाली होती का? काही हरकत?" तू दाराआड उभी. ओसरीवर चुलता, तुझा थोरला दीर, बसलेला. लग्न होऊन आल्यापासून त्याच्यासमोर तू तोंड उघडलं नव्हतंस, त्या दिवशी कुठून उघडणार? तलाठी थोडा थांबला आणि त्यानं लिहून घेतलं, हरकत नाही. बाईच्या गप्प बसण्याला होकार कुणी ठरवलं, हे मी पुढं किती चौकांतून विचारलं! आजही विचारीन.

मला दिसतं ते आपलं स्वयंपाकघर. चूल विझलेली, राखसुद्धा कुणी काढलेली नाही. तू चुलत्याच्या घरात त्यांच्या भाकरी थापून हात पुसत येतेस.

"आये, वाटणी झाली नव्हती तर ही चूल कुणाची?"

"हळू बोल. तिकडं ऐकू जातंय."

"जाऊ दे की! ओढ्याचा बांध कुणी घातला? बानं आणि तू. ह्यांच्यातलं कोण आलं होतं दगड उचलायला?"

"मला काय करायचं हाय रान? दोन भाकरी मिळतील की हितं."

"मिळतील. त्यांची भांडी घासून मिळतील."

"आजवर काय राजाच्या राणीगत बसून खाल्ल्या व्हय ग?"

मी हट्टाला पेटले होते. वाचलेलं सगळं अंगात भिनलं होतं, आणि माझ्याच घरात माझ्याच आईला मोलकरीण होताना बघत बसायचं? हरकतीचा अर्ज मीच लिहिला, तुझा अंगठा घेतला. नोंद तक्रारीत पडली आणि मामलेदारापुढं तारीख लागली. होटगीहून आपण गाडीनं सोलापूरला गेलो. कचेरीत लाल रुमालात बांधलेली दप्तरं छतापर्यंत चढलेली, ओसरीवर माणसांची दाटी. चुलता आपल्याआधी येऊन पट्टेवाल्याशी हसून बोलत होता. त्याला बघताच तू पदर पुढं ओढलास.

जबाब लिहायला कारकून बसला. "बाई, नाव?" तू खालच्या आवाजात सांगितलंस. "नवऱ्याचं नाव?" तू गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "हिचा बा."

"हिचा बा कोण, तेच तर विचारतोय बाई!"

सगळी ओसरी हसली. चुलताही हसला आणि पुढं होऊन म्हणाला, "सायेब, मी सांगतो की. माझाच भाऊ हाय." मी ओरडले, "तुम्ही नका सांगू! मी सांगते." मामलेदारानं मान वर केली. माणूस वाईट नव्हता, वेळ नव्हता त्याला. "ज्याचा जबाब त्यानंच द्यायचा. बाई बोलत नसतील तर जबाब दिला नाही असं लिहा आणि पुढचं घ्या." कारकुनानं टाक दौतीत बुडवला. मी तुझा दंड धरला. "आये, घे की नाव. त्यांनी लिहिलं की रान गेलं. कायमचं गेलं."

आणि तू नाव घेतलंस. बायका चोरून, पुटपुटत घेतात तसं नव्हे. तू ते नाव कधी उच्चारलंच नव्हतंस, फक्त ऐकलं होतंस, तेही आजी बांधावर उभी राहून रानातल्या पोराला बोलवायची तसं. म्हणून ते तुझ्या तोंडून तसंच आलं, शेवटचं अक्षर लांबवत, पार पलीकडच्या शिवारात पोचेल अशी हाक होऊन. बाहेर झाडाखाली बसलेले लोक उठून उभे राहिले. पट्टेवाला दारात आला. तू मात्र मान किंचित वळवून तशीच उभी राहिलीस, कुणी ओ देतंय का ते ऐकत असल्यासारखी.

पुढं सगळं भराभर झालं. चूल कधी वेगळी झाली, बांधाला दगड कुणी रोवले, तू थोरल्या दिरासमोर सांगत गेलीस. शेजारच्या बांधकऱ्यांनी वाटणीची साक्ष दिली. मामलेदारानं चुलत्याची नोंद रद्द करून रानाला तुझं नाव लावायचा हुकूम केला. बाहेर पडताना चुलता मला म्हणाला, "पोरी, तुझ्या आईचा आवाज लई मोठा हाय की. आजवर कळलंच न्हाय." मी म्हणाले, "आता रोज कळेल." केवढी खुशीत होते मी! गाडीत तू भाकरीला हात लावला नाहीस, ते दमलीस म्हणून असं मी धरून चालले.

घरी आल्यावर मी आपली चूल पेटवली. तू जाळाकडं बघत बसली होतीस. मी काहीतरी बडबडत होते, पुढच्या पेरणीचं. तू मधेच म्हणालीस, "हाक मारली अन् आले न्हाईत."

मला कळलं नाही. तू म्हणालीस, "नाव घेत न्हवते तवर वाटायचं, हायत कुटंतरी. रानात असतील, मेंढरांमागं असतील. आज हाक मारली. मेले ते."

मी तुला समजावलं. काय समजावलं देव जाणे, पुस्तकातलंच काहीतरी. त्या रानात तू मरेपर्यंत राबलीस, कुणाच्या दारात गेली नाहीस. ते रान तुझं होतं आणि तुझंच असायला हवं होतं, ह्यात मी तसूभर मागं सरणार नाही. पण त्या दिवसानंतर तू जात्यावर गायली नाहीस.

पुढं गिरणीतल्या बायकांच्या सभेत मी तुला एकदा घेऊन गेले. तू पुढंच बसली होतीस आणि मी तुझीच गोष्ट सांगितली. बाईनं तोंड उघडलं आणि सरकारी दप्तर बदललं! बायका रडल्या, घोषणा झाल्या. परतताना तू टांग्यात म्हणालीस, "रान मिळालं त्ये सांगितलंस. बाकीचं न्हाय सांगितलंस." मी म्हणाले, "सभेत तेवढंच सांगायचं असतं, आये." तू म्हणालीस, "व्हय? मग सभेतल्या बायका घरी जाऊन काय करतील?"

तुझा जावई गेला, आये. तुला तो आवडायचा. त्याला मी लग्नाच्या दिवसापासून नावानंच हाक मारली, लोकांत, व्यासपीठावर, मुद्दाम मोठ्यानं. नाव न घेणं ही बेडी आहे असं मी शेकडो बायकांना पटवून दिलं, आणि ती बेडीच आहे. परवा घर माझ्या नावावर लावायला इथल्या भूमापन कचेरीत गेले होते. कोवळा, सभ्य कारकून. "आजी, आजोबांचं नाव सांगता?" म्हणाला. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि नाव लिहून दिलं. माझा घसा धरलाय असं वाटून त्यानं मला पाणी आणून दिलं. मी ते प्याले.

तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं तुला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. हे कुणी मोठ्यानं वाचायला नको, म्हणून असंच घडी करून ठेवते. ह्यात त्याचं नाव मी कुठंच लिहिलेलं नाही, आणि तो गेल्यापासून ते तोंडानंही घेतलेलं नाही.