तीन पाकळ्यांची पाटी

ता. १९

ती. ताईला नमस्कार, आईला नमस्कार. नमस्कार संपले, आता भांडण.

चोर म्हणालीस. पत्र मी दोनदा वाचलं. मलाच नीट वाचता येत नसेल म्हणून तिसऱ्यांदा शेजारच्या म्हाताऱ्याकडून वाचून घेतलं, तर त्यानेही तेच वाचलं. शेठचा माल चोरून पळालास, ज्यांनी नोकरीला चिकटवून दिलं त्या भावोजींची मान खाली घातलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडलीस. बरं. माल चोरला, हे खरं. पळालो, हे साफ खोटं. हातगाडी ढकलत कोणी पळत नाही.

फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस, तो तपासवाल्यांनी ठेवून घेतलाय. असता तरी भावोजींनी कापलाच असता. अक्षर वाकडं आलंय ते खाट डुगडुगते म्हणून. त्यावरून टोमणा नको.

शपथ होती वर्षभर तोंड न उघडण्याची आणि नोकरी न सोडण्याची. मी, ज्याला तू भिंगरी म्हणतेस तो, अकरा महिने एका जागी बसलो. शेठने पगारातून कापलं, गप्प. त्याच्या मेहुण्याने आईवरून शिवी दिली, तरी गप्प. हे भावोजींना मोठ्याने वाचून दाखव.

आता माल कसला होता ते ऐक. तीन महिन्यांपूर्वी एका बंद कारखान्याचं भंगार आमच्या आवारात आलं. त्यात तीन शिशाची भांडी होती, वरून पोलादी कवच, घागरीएवढी. दिसायला घागर, पण उचलायला चेनकप्पी लावावी लागायची. प्रत्येकावर पितळी पाटी. पाटीवर नंबर आणि तीन पाकळ्यांचं चित्र, पंख्यासारखं.

आमच्याकडे रीत अशी, की आलेल्या मालाची पाटी आधी छिनीने उडवायची. शेठ म्हणतो, बोलका माल भट्टीवाले घेत नाहीत, मुका करूनच पाठवायचा. आणि पाटी काढेल त्याची. मी तिन्ही काढल्या. विकल्या नाहीत, छान चकाकत होत्या. माझ्या खोलीच्या पत्र्याला उशाशी भोक आहे, त्यावर ओळीने ठोकल्या. वारा थांबला. मला वाटलं, चला, आपल्या घराला नक्षी झाली.

मग एक गिऱ्हाईक आलं. आम्ही त्याला बूटवाला म्हणायचो, कारण भंगारात पॉलिश केलेले बूट घालून कोणी येत नाही. त्याने ही भांडी मागितली. शेठने भाव सांगितला आणि त्याने तो दिला. ताई, आमच्या धंद्यात गंजक्या खिळ्यासाठी माणसं अर्धा तास भांडतात. शिसं घेणारा आधी काट्यावर चढवतो. याने वजनही केलं नाही. झाकण घट्ट आहे का, एवढंच पाहिलं. मला तेव्हाच खटकलं होतं. पण शपथ.

पहिलं भांडं त्याने टेम्पोतून नेलं. दुसरं मी हातगाडीवरून पोचवलं, बसतळाजवळच्या एका गाळ्यात. बाहेर पंखे दुरुस्तीचा बोर्ड आणि आत एकही पंखा नाही. पहिलं भांडं होतं, वायरींची भेंडोळी होती, कापडाने झाकलेले डबे होते. त्याने मला सहा हजार बक्षीस दिलं, पाणी दिलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, बसतळावर जास्त गर्दी कधी असते? मी शहाण्यासारखं सांगितलं, सोमवारी सकाळी, गावाला गेलेले लोक कामावर परततात तेव्हा. त्याने मान हलवली. ते उत्तर मी दिलं, ताई. हे मी तपासवाल्यांनाही सांगितलं, वगळलं नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रकबरोबर भट्टीवर गेलो. तिथे फाटकात दोन खांब आहेत, वाईट माल आला की घंटा वाजते. खांबावर तेच तीन पाकळ्यांचं चित्र. काटेवाल्याला विचारलं, ही कुठल्या कंपनीची खूण? तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"ही न दिसणाऱ्या आगीची खूण आहे," तो म्हणाला. "भट्टीत गेलं तर सगळं लोखंड नासलं. आणि कोणी मुद्दाम गर्दीत फोडलं, तर माणसं मरतील ती मरतीलच, पण ती जागा वर्षानुवर्षं कोणाची राहणार नाही."

मी येऊन शेठला सांगितलं. तो म्हणाला, तुला पगार हातांचा देतो की कानांचा? आणि भावोजींची आठवण करून दिली. मी गप्प बसलो. चार दिवस. ते चार दिवस मी तुझ्या शपथेवर ढकलत नाही, पण तुला माहीत असावेत.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तिसरं भांडं पोचवायचं होतं. जेवायची सुट्टी झाली, शेठ पंख्याखाली घोरत होता. मी भांडं चेनकप्पीने गाडीवर घेतलं, वर जुनी गादी टाकली आणि निघालो. चौकीत गेलो नाही. तिथला हवालदार रोज शेठच्या पैशाने चहा पितो. मला आठवलं अग्निशमनचं ठाणं. म्हटलं, आग दिसत नसली म्हणून काय झालं, आहे तर आगच.

गाळ्याचं वळण मी सोडलं आणि मागून मोटारसायकल आली. बूटवाला. हसत होता. म्हणाला, "अरे, गाळा मागे राहिला."

पुढे उतार होता, आणि उताराच्या तळाशी अग्निशमनचं लाल फाटक. मी म्हणालो, "साहेब, गाडी उताराला लागलीय, थांबत नाही." आणि खरंच सोडली. निम्मी वाट मी तिला ढकललं, निम्मी वाट तिने मला ओढलं. तो बाजूबाजूने येत राहिला, एक हात खिशात घालून. एक बाई पोराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. मी असा बोंबललो की ती भिंतीला चिकटली. लाल फाटक दिसलं तसा तो थबकला. मी नाही थबकलो. गाडी फाटकावर आदळली, आतली माणसं ताट सोडून बाहेर आली, आणि त्याची मोटारसायकल माघारी वळली.

सुरुवातीला ते माझ्यावरच उखडले, फाटकाला पोचा आला म्हणून. मग एकाने कपाटातून एक लहान यंत्र आणलं. ते गादीजवळ नेलं तसं तेलात मोहरी पडावी तसं तडतडायला लागलं. सगळे मागे सरले आणि मलाही ओढलं. मी गाळ्याचा पत्ता दिला. दोन तासांत दोन्ही भांडी सापडली, वायरी जोडायच्या बाकी होत्या. फक्त तीनच होती की आणखी, हा प्रश्न होता. तेव्हा मी म्हणालो, माझ्या उशाशी बघा. भिंतीवरच्या तीन पाट्या आणि कारखान्याच्या वहीतले तीन नंबर जुळले. सोमवारी बसतळावर नेहमीसारखी धक्काबुक्की झाली. माझ्यासारख्यांनी एकमेकांच्या पायांवर पाय दिले आणि कामावर गेले. बस, एवढंच झालं.

आईला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

खाट डुगडुगत नाही. हॉस्पिटलची आहे, लोखंडी, भक्कम. मी डाव्या हाताने लिहितोय. तिसऱ्या भांड्याचं झाकण सैल होतं. पाटी काढताना आत पितळ आहे का म्हणून मी उजव्या हाताची बोटं घालून चाचपलं आणि मग झाकण ठोकून बसवलं. तेव्हा काहीच झालं नाही. पंधरा दिवसांनी लाल झालं, मग फोड आले, मला वाटलं तेजाबाने असेल. डॉक्टरीणबाई म्हणतात दोन बोटं जातील, अंगठा वाचेल. हे लागण होणारं नाही, तेव्हा मी घरी आलो तर भावोजींनी माझी ताटली वेगळी ठेवायचं कारण नाही.

परवा शेठचा मेहुणा पिशवी घेऊन आला. आत एक लाख. पाट्या काढायला शेठने सांगितलं नव्हतं आणि बूटवाला आवारात कधी आला नव्हता, एवढंच म्हणायचं. बूटवाला पकडला गेलाय, मंगळवारी मला त्याला ओळखायचंय. मेहुणा म्हणाला, त्याचे सोबती अजून बाहेर आहेत, आणि एका हाताने तुला कोण कामावर ठेवणार? विचार कर.

मी विचार केला. खरंच केला, ताई, तुझं घर डोळ्यांपुढे आणून. मग त्याला म्हणालो, "पाटी काढली की माल मुका होतो. माणूस होत नाही. शेठला सांग."

तो गेला. म्हातारा म्हणाला, पिशवी तरी ठेवून घ्यायची होतीस. दोघं खूप हसलो. माझा हात ठणकला.

मंगळवारी मी जाणार आहे. शपथ मोडतोय, ती तुझ्या डोक्यावरून उतरव आणि माझ्या डोक्यावर ठेव. भावोजींना लाज वाटत असेल तर मला साला म्हणणं सोडू देत, पण चोर म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हणावं. येताना पेरू आणले तरी चालतील.

बूटवाल्याचे सहा हजार तपासवाल्यांना दिले. शेठने महिना बुडवला. खोलीतल्या डब्यात होते ते काटेवाल्याने आणून दिले, त्याच्याच हाती हे पत्र आणि पैसे देतोय. दर महिन्याएवढे नाहीत. उजव्या हाताची ही शेवटची कमाई, डाव्या हाताने मोजली आहे.

तुझा भिंगरी

तीन हजार दोनशे चाळीस.