राणीसाहेबांचं इंजिन

शनिवार, १२ ऑक्टोबर

सकाळी पाऊस. दोन गाड्या दुरुस्तीला आल्या, एक गेली. दुपारी बीटचं सूप. संध्याकाळी काम लवकर आटोपलं, म्हणून पत्र लिहायला बसलो.

ती. पारास्काताई,

झेनोनचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? शेळी अजून पोस्टमनवर धावून जाते का? मी बरा आहे. आज तुमच्या बहिणीला, माझ्या मेलानाला, जाऊन चाळिसावा दिवस. तुमच्याकडे सगळे जेवायला जमले असतील, आणि नेमका तिचा नवराच नाही, हे काही शोभत नाही. न येण्याचं कारण कळवतो. कारण जरा लांबलचक आहे आणि त्याचं वजन एक टन आहे.

आमच्या दुरुस्तीखान्यात राणीसाहेब होत्या. म्हणजे परदेशातून देणगीत आलेली चिलखती रुग्णवाहिका. (तब्येत नाजूक, खाणं भरपूर, आणि सूचनांचं पुस्तक अशा भाषेत की आमच्यापैकी कुणाला मुखपृष्ठही वाचता येईना.) तिच्या पाण्याच्या नळीवरची रबरी चकती फाटली. आघाडीवरचे लोक रोज विचारत होते, जखमींना आणायचं कशातून? मेजरसाहेब मला म्हणाले, "झेनोन, बाईसाहेब बुधवारपर्यंत निघाल्या, की शनिवारी तू बायकोच्या चाळिसाव्याला जा." मी मान डोलावली.

चकतीसाठी देणाऱ्यांना पाच आठवड्यांपूर्वीच लिहिलं होतं. त्यांनी चकतीचे तीन बाजूंनी फोटो मागवले, शेजारी पट्टी ठेवून. पाठवले. मग खिडकीचं रबर आलं. पुन्हा लिहिलं, तर चालकांसाठी लोकरीच्या चाळीस टोप्या आल्या. (टोप्या चांगल्या आहेत. एक तुमच्यासाठी ठेवली आहे.) तिसऱ्या वेळी "आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?" असं विचारणारा कागद आला. आमचा वेल्डर ह्नात तो वाचून म्हणाला, "लिही, टोप्या घालून बसलोय, डोकी गरम आहेत."

मंगळवारी मी माझी पेटी उघडली. तिच्यात मेलानाने ऑगस्टमध्ये भरलेली, मिठाच्या पाण्यातल्या काकड्यांची शेवटची बरणी होती. तीच, काचेच्या झाकणाची, तारेची कडी असलेली. त्या झाकणाखाली जाड लाल रबर असतं, आणि मेलाना ते बरणीसकट तासभर उकळत असे, म्हणजे उष्णता सोसायची त्याला सवय. मी माप घेतलं. तंतोतंत. बुधवारी राणीसाहेब सुरू झाल्या आणि थेंबभरही गळल्या नाहीत.

आता गाडी निघायची, म्हणून आम्ही सातही जण नेहमीप्रमाणे मिनिटभर गप्प बसलो. (टायरवर, खोक्यांवर, जागा मिळेल तिथे. न बसता प्रवासाला निघतं कोण?) पण देणाऱ्यांचा परदेशातला इंजिनियर हेंड्रिक दुरुस्ती तपासायला फोनच्या पडद्यावरून आम्हाला बघत होता, हे आम्ही विसरलो. त्याच्या देशात बहुधा उभ्या उभ्याच निघतात. त्याने बघितलं, सात माणसं टोप्या काढून, माना खाली घालून, गाडीभोवती बसली आहेत. त्याने दुभाषी मुलीकडून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात ह्नात ओरडला, "इंजिन! सांग त्याला, इंजिन गेलं!"

हेंड्रिकचे डोळे भरून आले, ताई. राणीसाहेब तासाभरात स्वतःच्या पायांनी आघाडीवर गेल्या. आणि शुक्रवारी सकाळी ट्रक आला. पाच आठवड्यांत एक चकती ज्यांना सापडली नाही, त्यांनी दोन दिवसांत कोरं इंजिन पाठवलं, वर शोकाचं कार्ड. आता नियम असा, की जुनं इंजिन दाखवल्याशिवाय नवं दाखल होत नाही, आणि दाखल होईपर्यंत कुणीतरी जबाबदार माणूस त्याच्याजवळ हजर पाहिजे. तो मी. म्हणून येता आलं नाही. सगळ्यांना नमस्कार सांगा.

तुमचा,
झेनोन

ता. क. मेलाना काकड्यांच्या पाण्यात मीठ किती घालायची, ते कळवा. मी कधी विचारलंच नाही.

ता. क. तसल्या बरण्यांची रबरं घरात असतील तेवढी पाठवा. हेंड्रिकला सांगू नका.

ता. क. इंजिनाजवळ बसायला ह्नात तयार होता. मेजरसाहेबांनी रजेच्या कागदावर सहीही केली होती. मीच थांबलो. तुमच्याकडे सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलणार, मग माझ्याकडे बघणार, ते मला झेपलं नसतं. लोकांनी विचारलं तर इंजिन आलं म्हणून सांगा.

पत्र पाकिटात घातलं. रबर काढल्यावर काकड्या टिकत नाहीत. गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा तिच्या नावाचा पेला भरून त्यावर पावाचा तुकडा ठेवला, आणि उरलेल्या काकड्या इंजिनाच्या खोक्यावर बसून संपवल्या. मीठ बरोबर होतं. आता बरणी धुऊन पालथी घालतो.