पंख्याखालचा बाक

५ मे, रविवार
आजपासून थाटीपुरची ख्रिस्ती मंडळी आपल्या देवळात आली. तिकडे सरकारी क्वार्टरच्या एका खोलीत उपासना चालायची, ती खोली गेली, म्हणून आता दोन्ही मंडळ्या एक. चांगलं झालं. गातात बेसूर, पण शिकतील आमच्याकडून.

त्यांच्यात शामला म्हणून आहे. लहानपणी पोलिओ झाला, व्हीलचेअरवर असते. तिची गाडी मधल्या वाटेत. प्रभुभोजनाची लाइन वळसा घालून गेली, मंदाताईंचा पदर चाकात. पाळकसाहेब म्हणाले, हिला बाकांच्या रांगेत नीट जागा करायची, कोण मनावर घेईल? सगळ्यांची तोंडं गीतांच्या पुस्तकात. मी उभी राहिले. गुडघा वाजला. मंदाताईंनी बघितलं, तर सांगितलं बाक वाजला.

मी म्हटलं, पेंटेकॉस्टच्या रविवारपर्यंत, म्हणजे ९ जूनपर्यंत, करून दाखवते. बाक कापावा लागला तर कापू, मग तो कोणाचा का असेना. टाळ्या पडल्या. देवळात टाळ्या वाजवत नाहीत, तरी पडल्या.

७ मे
सुतार आणला. म्हणतो, तिसरा बाक अर्धा कापा. त्याच्यापुढे बाजूच्या दाराची वाट आहे, गाडी आरामात वळेल.

तिसरा आमचा. सासऱ्यांच्या नावाची पितळी पट्टी आहे त्यावर. आणि बरोबर वर पंखा. सबंध देवळात चालणारा पंखा तो एकच, बाकीचे नुसते फिरतात. ग्वाल्हेरचा मे महिना, त्याच्याखाली बसलं तर प्रवचन डोक्यात शिरतं, नाहीतर नाही.

सुतार अडाणी आहे. दुसरा बघते.

९ मे
दुसरा सुतारही अडाणी.

१२ मे, रविवार, दुपार
तोडगा सापडला. बाक कशाला कापायचा? शामलाला मानाची वेगळी जागा देऊ. मोठ्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी. पाटणकर बाजारातून प्लास्टिकची खुर्ची आणली, चांगली हातांची, भाव करून. पाठीवर लाल पेंटने लिहिलं, ‘दिव्यांगांसाठी. इतरांनी बसू नये.’ अक्षर माझं. चौथी शिकलेय, पण अक्षर बघून कोणी म्हणणार नाही.

सगळ्यांसमोर तिला दाखवली. तिने खुर्चीकडे बघितलं, मग स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं. म्हणाली, “ताई, खुर्ची मी घरून घेऊन येते. मला जागा पाहिजे.”

थाटीपुरवाले हसले. आमचेही. यांना तर ठसका लागला. केल्याची कदरच नाही लोकांना. खुर्ची दाराशीच ठेवली आहे. येईल ताळ्यावर.

१९ मे, रविवार
पाळकसाहेबांना म्हटलं, मागच्या खोलीत, जिथे सतरंज्या ठेवतो, तिथे तिला बसवू. आत स्पीकर लावू. शांतता राहील, सगळं ऐकू येईल. त्यांनी विचारलं, तुम्ही बसाल तिथे? मी म्हटलं, मला काय, मी कुठेही बसेन. म्हणाले, मग प्रश्नच मिटला, शामला तुमच्या जागी बसेल. मी उपासनेनंतरच्या सरबताचा विषय काढला.

२२ मे
रघुनाथराव सहकुटुंब लेकीकडे इंदूरला गेले. जून लागल्याशिवाय येत नाहीत. चौथा बाक त्यांचा.

विचार चालू आहे. जे करायचं ते प्रार्थना करूनच.

२३ मे
प्रार्थना केली. सुताराला बोलावलं.

२५ मे
चौथा कापला, अर्धा. सुतार म्हणत होता, अम्माजी, गाडी अटकेगी. म्हटलं, तू आरी चला. हे म्हणाले, रघुनाथरावांना फोन तरी करायचा. कशाला? सुट्टीत माणसाला त्रास देऊ नये.

२ जून, रविवार
शामला आत गेली. व्यवस्थित गेली. पण वळेना. पुढे आमचा बाक, मागे पाचवा. तोंड भिंतीकडे. सबंध उपासना ती भिंतीकडे बघत बसली. शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, “प्लास्टर मजबूत आहे.”

मग मंदाताई उठल्या. बाई शब्द विसरत नाही. म्हणाल्या, सरोजिनीताईंनीच सांगितलं होतं, कोणाचा का असेना. आता तिसराही कापू. टाळ्या पडल्या. या देवळाला काही वळण राहिलं नाही.

मी म्हटलं, अर्थात. मी तेच सुचवणार होते.

८ जून
कापला. पट्टी काढून घरी आणली, फ्रिजवर ठेवली. पारा बेचाळीसच्या वर गेलाय आज.

९ जून, पेंटेकॉस्टचा रविवार
दिलेला शब्द पाळला. वेळेत झालं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते.

शामला पंख्याखाली, तोंड पुढे. केस उडत होते तिचे. रघुनाथराव परतले, बाकाच्या कापलेल्या कडेवरून हात फिरवत राहिले. पाळकसाहेबांनी त्यांना आमच्या उरलेल्या अर्ध्यावर बसवलं. तिथे ते, त्यांची मिसेस आणि हे. यांनी माझी जागा धरली नव्हती. म्हणाले, तू म्हणालीस ना कुठेही बसेन.

देऊळ खच्चून भरलेलं. गुडघा जरा, म्हणजे हवेमुळे. दाराशी ती खुर्ची रिकामी. पाच मिनिटं टेकले.

झाशीहून पाहुणे पाळक आले होते प्रवचनाला. दारातून आत शिरले, खुर्चीवरचं वाचलं, मला बघितलं. आणि तिथेच उकिडवे बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना. हिला चालतं कर, म्हणून. अख्खी मंडळी मागे वळून उभी. उठून दाखवणारच होते, पण मधे उठणं बरं दिसत नाही. आणि उठवलंही नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मंदाताईंचं सगळ्यात मोठं.

उपासना सुटल्यावर शामला गाडी वळवून माझ्याकडे आली. वळते आता. म्हणाली, “ताई, पुढच्या रविवारी माझ्या शेजारी या. पंख्याखाली जागा आहे. खुर्ची तेवढी घरून आणा.”

मला असल्या गोष्टींची गरज नाही.

घरी आल्यावर यांना सांगितलं, माळ्यावरची घडीची खुर्ची काढून पुसून ठेवा. लागते कोणाला तरी.