आठ पावलांचा ग्रुप फोटो

पप्पा, केबिन रोडवरचा आपला स्टुडिओ आता मीच चालवतेय, आणि तुमच्या पद्धतीने चालवत नाही, हे आधीच सांगून टाकते. भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याला रोज ताजा हार असतो. नियम मात्र तुमचा एकही ठेवलेला नाही.

तुमचा सगळ्यात लाडका नियम आठ पावलांचा. रिळाच्या कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स लावायची, नवरीपासून आठ पावलं मोजून ट्रायपॉड उभा करायचा, की सात माणसं फोटोत बसलीच. मग तुम्ही पुढे जाऊन सगळ्यांचे पदर-फेटे सारखे करायचात आणि तिथूनच मला ओरडायचात, "दाब!" तेही एकदाच, दुसरा फोटो म्हणजे रीळ फुकट. डिजिटल कॅमेरा आला तरी तुम्ही त्यावर जुनीच लेन्स चढवलीत आणि आठच पावलं मोजलीत. गोडदेवच्या हॉलमध्ये, नवघरच्या मंडळींच्या त्या लग्नात, मी डोळा लावते तर कडेची आत्या दिसतच नाही. नवरीला लहानाची मोठी करणारी आत्या, नवी हिरवी साडी नेसून ताठ उभी. "पप्पा, आत्या येत नाहीयेत." तुम्ही सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणालात, "लेन्स तीच आहे ना? मग आत्या जातील कुठे? जास्त शहाणपणा नको, दाब." मी दाबलं. आठवड्याने नवरीचे वडील दुकानात आले. "ओ शेठ, आमची ताई कुठंय? नुसतं कोपर आलंय तिचं." माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "पोरीच्या हातात कॅमेरा दिला, माझंच चुकलं." त्यानंतर मला एकाही लग्नाला नेलं नाहीत. मी पासपोर्ट फोटो कापत बसले.

चुकलं तुमचंच होतं, पण ते वेगळंच. लेन्स तीच होती, खरं आहे. पण रिळाच्या जागी बसवलेला सेन्सर रिळापेक्षा लहान होता. लेन्स आत जेवढं चित्र पाडते तेवढंच पाडते. मोठा रुमाल पसरला तर ते सगळं मावतं, लहान पसरला तर मधलं तेवढं मिळतं आणि कडा बाहेर सांडतात. आठाची बारा पावलं करायला हवी होती, नाहीतर जास्त रुंद टिपणारी लेन्स लावायला हवी होती. हे मला कुणी शिकवलं नाही. दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात की मी स्टुडिओत खुर्च्या मांडून, पावलं मोजून शिकले. आणि आजही लहान सेन्सरचाच कॅमेरा वापरते, हट्टाने. परवा उत्तनच्या एका लग्नात नवरीच्या काकांनी विचारलंच, "ताई, मोठा कॅमेरा न्हाय काय तुमच्याकडं?" म्हटलं, "फोटो बघा, मग बोला." अंधाऱ्या हॉलमध्ये मोठा सेन्सर सरस, मागचं धूसरही तोच छान करतो, हे मला मान्य आहे. पण चर्चच्या मागच्या बाकावरून नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं असलं की लहान सेन्सरची हीच कापाकापी कामी येते, मधलं तेवढंच मोठं होऊन येतं आणि हलकी लेन्सही लांबचं जवळ आणते. ग्रुपला मी रुंद लेन्स लावते आणि आधी दोन्ही टोकांची माणसं बघते, मग नवरा-नवरी. माझ्या फोटोत आजवर कुणी कापलं गेलेलं नाही. तुम्ही माझ्या हाताला नाव ठेवलंत, पप्पा. हात चांगलाच होता.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. त्या दिवशी माझ्या मागे भरपूर जागा होती. ट्रायपॉड उचलून मागे नेला असता तर तुम्ही ओरडला असतात, एवढंच. दाबल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते कोपर मला स्वच्छ दिसलं होतं. तुम्हाला तिथे बघायची सवय नव्हती आणि मी दाखवलं नाही. तुम्ही चुकलात हे सगळ्यांना कळावं, असं मला वाटलं होतं. आत्या अजून नवघरलाच राहतात. बाजारात समोरून येताना दिसल्या की मी रस्ता बदलते.